बुलाकच्या पलीकडचा मोहल्ला

माझी भाची काझानला डॉक्टरकी शिकते. लातूर, परभणी, सोलापूर, मिरज या भागांतून दरवर्षी बरीच मुलं रशियात एमबीबीएसला जातात, आणि त्यांत मुस्लीम घरांतल्या मुलीही आता कमी नाहीत. गेल्या जूनमध्ये रात्री दीड वाजता तिचा फोन आला. तिथं तेव्हा अकरा वाजले होते.

“मामू, इथं इशाची वेळच होत नाही. मगरिब पढून अडीच तास झाले. आकाश काळं होतच नाही. पश्चिमेचा उजेड उत्तरेकडून सरकत सरकत पूर्वेला जातो आणि फजरच होते. मी काय करू?”

मी आलिम नाही. घरात जे हनफी वळण पडलं तेवढीच माझी पुंजी. पश्चिमेची शफक, म्हणजे सूर्यास्तानंतरची लाली, मावळली की इशा सुरू होते, एवढं मला ठाऊक होतं. ती मावळलीच नाही तर काय, हा प्रश्न आमच्या गावात कधी कुणाला पडला नव्हता. मी म्हटलं, “बेटा, उद्या तिथल्या जुन्या मशिदीत जा आणि इमामसाहेबांना विचार.”

दुसऱ्या दिवशी तिनं मला एक व्हिडिओ पाठवला. मोठं तळं, तळ्याकाठी झाडं, आणि झाडांमागे एक पांढरी दुमजली इमारत. खिडक्यांभोवती नक्षीकाम, आणि छपराच्या बरोबर मधून वर निघालेला मिनार. खाली तिचा प्रश्न: “ही मशीद आहे की कुणा सरदाराचा वाडा?”

ती मशीद होती, मर्जानी मशीद. नंतर मी वाचायला बसलो तेव्हा कळलं की ज्यांच्या नावानं ती ओळखली जाते त्या शिहाबुद्दीन मर्जानी यांनी १८७० साली एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं, आणि त्याचा विषय नेमका माझ्या भाचीचा प्रश्न होता. शफक मावळली नाही तरी इशा फर्ज आहे, असं त्या पुस्तकाचं म्हणणं. मग मी त्या मशिदीभोवतीच्या वस्तीबद्दल मिळेल ते वाचत गेलो. तीच हकीकत इथं सांगतो आहे.

या वस्तीचं नाव स्तारो-तातारस्काया स्लोबोदा, म्हणजे जुनी तातार स्लोबोदा. रशियात शहराच्या तटाबाहेरच्या, काही सवलती दिलेल्या वस्तीला स्लोबोदा म्हणत. स्वातंत्र्याला रशियन भाषेत ‘स्वोबोदा’ म्हणतात, आणि हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. या वस्तीचा जन्म कसा झाला हे कळल्यावर ते नातं जरा बोचतंच.

व्होल्गा नदीच्या या टापूत इस्लाम तलवारीनं आला नाही. इ.स. ९२२ मध्ये बगदादच्या खलिफाचं शिष्टमंडळ व्होल्गाकाठच्या बुल्गार राजाकडे गेलं. या राजाला इस्लाम स्वीकारायचा होता. शिष्टमंडळात इब्न फदलान नावाचा गृहस्थ होता आणि त्यानं प्रवासाची नोंद लिहून ठेवली. त्यात एक मजेदार प्रसंग आहे. राजाच्या पदरी असलेला बगदादचा एक शिंपी त्याच्या तंबूत आला. दोघं इशाच्या अजानची वाट पाहत गप्पा मारत बसले. थोड्या वेळानं अजान झाली, बाहेर येऊन पाहतात तो पहाट झालेली. मुअज्जिन म्हणाला, आम्ही इशा मगरिबबरोबरच पढतो. म्हणजे भाचीचा प्रश्न अकराशे वर्षांचा जुना. पुढे हनफी फिक्हच्या मोठ्या ग्रंथांत ज्यांना इशाची वेळच मिळत नाही अशा लोकांचं उदाहरण म्हणून ‘बुल्गार’चं नाव कायम झालं. आपल्याकडच्या मदरशांत जे ‘रद्दुल मुहतार’ वाचतात त्यांनी हे नाव पाहिलेलं असणार. पण तो एक खरा प्रदेश आहे, तिथं आजही लोक राहतात आणि तिथल्या रस्त्यांवरून आपली मुलं कॉलेजला जातात, हे किती जणांच्या लक्षात येत असेल?

बुल्गारांनंतर मंगोल आले, सुवर्ण टोळीचं राज्य झालं. ते फुटल्यावर पंधराव्या शतकात काझानची खानशाही उभी राहिली. १५५२ च्या ऑक्टोबरात मॉस्कोचा झार इव्हान चौथा, ज्याला जग ‘भयंकर इव्हान’ म्हणून ओळखतं, त्यानं वेढा घालून काझान जिंकलं. शहराची धुळधाण झाली. किल्ल्यातली मोठी मशीद गेली. तिथले धर्मगुरू कुल शरीफ लढताना मारले गेले. वाचलेल्या तातारांना तटाच्या आत राहण्याची बंदी झाली.

काझानचा किल्ला एका टेकाडावर आहे. त्याच्या पायथ्याशी बुलाक नावाचा अरुंद प्रवाह आहे. काबान नावाचं लांबलचक तळं तो काझानका नदीला जोडतो. (खानाचा खजिना या तळ्यात बुडवला आहे अशी दंतकथा आहे. प्रत्येक जिंकलेल्या शहराला असं एक तळं किंवा विहीर असतेच.) या बुलाकच्या पलीकडे, तळ्याच्या पश्चिम काठावर, तातारांना वस्ती करू देण्यात आली. पण ती कुणाला दिली गेली? इथं आपल्याला आवडणार नाही अशी एक गोष्ट सांगायला हवी. पहिले रहिवासी होते झारच्या चाकरीत असलेले, त्याला निष्ठा वाहिलेले तातार. लढून मेलेल्यांच्या कबरी कुठं आहेत हे कुणाला माहीत नाही, आणि ज्यांनी जुळवून घेतलं त्यांनी मोहल्ला वसवला. आज ज्या वारशाचं कौतुक होतं तो या जुळवून घेणाऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांनी उभा केला. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. पण शहादतीच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग गाळतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जुळवून घेऊनही सुख नव्हतंच. पीटर झारनं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हुकूम काढला की ज्या मुस्लीम जमीनदारांच्या पदरी ख्रिस्ती कुळं आहेत त्यांनी बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर जमीन आणि कुळं सोडावीत. १७१८ मध्ये चाकरीतल्या तातारांना आरमाराची लाकडं तोडायला जुंपलं गेलं. कालपर्यंतचे घोडेस्वार आज जंगलात ओंडके वाहू लागले. मग १७४० च्या दशकात काझानचे बिशप लुका कोनाशेविच यांच्या काळात मशिदी पाडण्याची मोहीम निघाली. काझान प्रांतात ५३६ मशिदी होत्या, त्यातल्या ४१८ पाडल्या गेल्या. चारातल्या तीनांहून जास्त. आकडा पुन्हा वाचा. हे सगळं दोन-तीन वर्षांत झालं.

उलटा परिणाम व्हायचा तो झाला. १७५५ मध्ये बातिरशा नावाच्या मुल्लाच्या चिथावणीनं उरल भागात बंड पेटलं. ते चिरडलं गेलं, पण सरकारला कळून चुकलं की एवढी मोठी प्रजा कायमची दुखावून चालणार नाही. पुढच्याच वर्षी मशिदी बांधायला अटी घालून परवानगी मिळू लागली. १७६७ च्या मे महिन्यात महाराणी कॅथरीन दुसरी स्वतः काझानला आली. तातार व्यापाऱ्यांनी तिच्यापुढे आपलं गाऱ्हाणं मांडलं. त्याच काळात बुलाकपलीकडच्या मोहल्ल्यानं सुमारे पाच हजार रूबल वर्गणी जमवली आणि १७७० पर्यंत तळ्याकाठी मशीद पूर्ण केली. १५५२ नंतर काझानमध्ये उभी राहिलेली ही पहिली दगडी मशीद. तिचा नकाशा वासिली काफ्तिरेव या रशियन वास्तुतज्ज्ञाचा मानला जातो. म्हणूनच तिच्यावर त्या काळच्या रशियन वाड्यांची छाप आहे, आणि माझ्या भाचीला सरदाराचा वाडा आठवला तो उगाच नाही. नमाजाचा मुख्य दालनखंड वरच्या मजल्यावर आहे. आत छताला हिरवं, निळं, सोनेरी नक्षीकाम आहे आणि त्यात तातार फुलवेली आहेत. बाहेरून रशियन, आतून तातार. या वस्तीतले लोक पुढची दीडशे वर्षं साधारण असेच जगले.

मशिदीच्या उंचीबद्दल एक गोष्ट तिथं फार सांगतात. स्थानिक अधिकाऱ्यांनी महाराणीकडे तक्रार केली की मिनार फार उंच होतो आहे. तिनं उत्तर दिलं की जमीन कुठली द्यायची ते मी ठरवलं, आकाश माझ्या अखत्यारीत नाही. हे खरंच घडलं का, याला पुरावा मागू नये. ज्या मोहल्ल्यानं ४१८ मशिदी पडताना पाहिल्या होत्या त्याला अशी एक गोष्ट लागत होती.

यानंतर दोनच वर्षांत त्याच काठावर अपानाएव मशीद सुरू झाली. १७८१ मध्ये काझानच्या तातारांना स्वतःची नगरसभा मिळाली, १७८८ मध्ये उफा इथं मुस्लिमांसाठी धार्मिक मंडळ स्थापण्याचा हुकूम निघाला. मंडळ म्हणजे सवलतही होती आणि लगामही. इमाम कोण व्हावा यावर आता सरकारी शिक्का लागू लागला.

मोहल्ल्याला खरं बळ दिलं ते व्यापारानं. बुखारा, खिवा आणि कझाक गवताळ प्रदेशात रशियन व्यापाऱ्याला भाषा यायची नाही आणि विश्वास मिळायचा नाही. तातार व्यापारी मुसलमान होता, तुर्की बोलायचा, फारसी वाचायचा. कातडं, साबण, चहा, कापड यांवर युनूसोव्ह, अपानाएव, अपाकोव्ह, अझीमोव्ह अशी घराणी गब्बर झाली. तळ्याकाठी त्यांचे दगडी वाडे उठले. बाकीच्या मोहल्ल्याची घरं लाकडी होती. घर रस्त्याला लागून नसे, कुंपणामागे अंगणात असे. मोठा लाकडी दरवाजा बंद. पुरुषांची आणि बायकांची बाजू वेगळी. आणि रंग मात्र भडक: हिरवा, पिवळा, निळा. वस्तीच्या टोकाला पेचेन बाझारी म्हणजे गवताचा बाजार. नाव गवताचं, पण तिथं सगळंच विकलं जायचं, पुस्तकंही आणि बातम्याही. या बाजारात १८४९ पर्यंत एक मशीद बांधून झाली होती, तीही युनूसोव्ह घराण्याच्या पैशानं.

पुस्तकांचं म्हणाल तर काझानचं नाव सगळ्या मुस्लीम जगात गेलं ते छापखान्यामुळे. कॅथरीननं १७८७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला कुरआन छापून घेतला होता. त्यासाठी मुल्ला उस्मान इस्माईल यांच्या देखरेखीखाली अरबी खिळे पाडले होते. पुढे हे खिळे काझानला आले. १८०१ च्या सुमारास इथं ‘आशियाई छापखाना’ सुरू झाला आणि १८०३ मध्ये काझानचा कुरआन छापून बाहेर पडला. तुर्कस्तानच्या सुलतानाच्या राज्यात कुरआन छापायला मान्यता मिळाली ती १८७० च्या दशकात. म्हणजे खलिफाच्या राजधानीत जे हराम-हलालच्या वादात अडकून पडलं होतं, ते झारच्या राज्यातल्या हरलेल्या मुसलमानांनी सत्तर वर्षं आधी करून टाकलं.

कार्ल फुक्स नावाचे जर्मन डॉक्टर काझान विद्यापीठात प्राध्यापक होते. ते मोहल्ल्यात औषधोपचाराला जात. पडदा असूनही बायकांच्या दालनापर्यंत त्यांना प्रवेश होता, कारण ते डॉक्टर होते. १८४४ मध्ये त्यांनी काझानच्या तातारांवर पुस्तक लिहिलं. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याची या लोकांत हेटाळणी होते, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. त्या काळी रशियन खेड्यांत अक्षर ओळखणारा माणूस शोधावा लागे.

आता मर्जानींकडे येतो. ते काझानजवळच्या खेड्यात १८१८ मध्ये जन्मले. वीस वर्षांचे असताना बुखाऱ्याला गेले आणि तिथं आणि समरकंदला अकरा वर्षं शिकले. तिथली ग्रंथालयं त्यांना भावली, अध्यापन मात्र नाही. शेरावर शेरा, टीकेवर टीका, मूळ ग्रंथ कुणी उघडतच नाही, ही त्यांची तक्रार. १८५० मध्ये ते तळ्याकाठच्या मशिदीचे इमाम झाले. मशीद युनूसोव्हांच्या छायेत होती. मुतवल्ली इब्राहिम युनूसोव्ह आणि इमाम मर्जानी यांच्यात जी तेढ पडली ती वर्षानुवर्षं चालली. इमामपदावरून त्यांना काही काळ दूर केलं गेलं, पुन्हा घेतलं गेलं. मदरशावर हुकूम कुणाचा, पैसे देणाऱ्याचा की शिकवणाऱ्याचा? ज्यांनी आपल्या गावातली मशीद कमिटी जवळून पाहिली आहे त्यांना मी अधिक सांगायला नको. शेवटी मर्जानींनी शेठजींच्या हाताबाहेरची, मदरशाची स्वतःची इमारत उभारली.

इशाबद्दलच्या त्यांच्या पुस्तकाचं नाव ‘नाझूरतुल हक्क’. जुन्या काही फकीहांचं म्हणणं होतं की ज्याचा हात कोपरापासून तुटला आहे त्याला जसा वजूत तो हात धुणं लागू नाही, तसं ज्यांना इशाची वेळच मिळत नाही त्यांच्यावर इशा फर्ज नाही. काझानमधले बरेच उलेमा उन्हाळ्यात इशा सोडत. मर्जानींच्या आधी अब्दुन्नासिर कुर्सावी या काझानकडच्याच आलिमानं याला विरोध केला होता आणि त्यांना आपल्या मतांबद्दल खूप सोसावं लागलं होतं. मर्जानींचा युक्तिवाद असा: पाच नमाजांचा हुकूम मूळचा आहे. शफक मावळणं ही वेळ ओळखायची खूण आहे, हुकूमाचं कारण नव्हे. खूण दिसली नाही म्हणून हुकूम रद्द होत नाही.

वरवर पाहता हा कर्मठ निष्कर्ष. नमाज कमी करा असं न म्हणता ती पढाच म्हणणारा माणूस सुधारक कसा? पण मला यातलं मोठेपण इथंच दिसतं. निष्कर्षापेक्षा त्यांनी रस्ता बदलला. अमक्या इमामानं लिहिलं म्हणून नव्हे, तर मुळापाशी जाऊन स्वतः विचार करून ठरवायचं. इज्तिहादचं दार बंद झालेलं नाही, हे त्यांनी एका रोजच्या, घरगुती प्रश्नावर दाखवून दिलं.

दुसरं काम इतिहासाचं. त्या काळी काझानचा मुसलमान स्वतःला ‘तातार’ म्हणवून घ्यायला लाजत असे, कारण रशियनांच्या तोंडी ती शिवी झाली होती. तो म्हणे, मी फक्त मुसलमान. मर्जानींनी विचारलं, मग मुसलमानांत तू अरब आहेस का? ताजिक आहेस? तुझं नाव नसेल तर तू कोण? ‘मुस्तफादुल अखबार’ हा काझान आणि बुल्गारचा इतिहास त्यांनी तातार भाषेत लिहिला. त्याचा पहिला भाग १८८५ मध्ये छापला गेला, दुसरा त्यांच्या निधनानंतर १९०० मध्ये. १८७७ च्या पुरातत्त्व परिषदेत त्यांचा निबंध वाचला गेला. विद्यापीठाच्या इतिहास मंडळाचे ते पहिले मुस्लीम सभासद. सरकारी तातार शिक्षक-शाळेत ते दीन शिकवायला जात, याबद्दलही लोकांनी त्यांना बोल लावले.

मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला “तुमची मातृभाषा उर्दू ना?” हा प्रश्न दोन्ही बाजूंनी ऐकायला लागतो. म्हणून मर्जानींचं हे पान मी दोनदा वाचलं.

त्यांच्याच मोहल्ल्यात कय्यूम नासिरी राहायचे. १८२५ चा जन्म. लग्न केलं नाही, फटकळ, पुस्तकांत बुडालेले. ख्रिस्ती धर्मशाळेत पाद्र्यांना तातार भाषा शिकवून पोट भरायचे. ज्या पाद्र्यांनी पुढे आपल्याच लोकांत बाप्तिस्म्याचा प्रचार करायचा त्यांना भाषा शिकवायची, म्हणून मोहल्ला त्यांना ‘उरूस कय्यूम’, रशियन कय्यूम म्हणून चिडवी. ते मात्र तातार पोरांना रशियन शिकवायला शाळा काढून बसले. तातार भाषेत वर्तमानपत्र काढायला त्यांना सरकारनं परवानगी दिली नाही. मग त्यांनी युक्ती केली. १८७१ पासून दरवर्षी भिंतीवरचं नव्हे तर हातात धरून वाचायचं कॅलेंडर काढलं. तारखा, नमाजाच्या वेळा, आणि त्यांच्यामध्ये भूगोल, आरोग्य, गोष्टी, शेतीची माहिती. कॅलेंडरला कोण अडवणार? सव्वीस-सत्तावीस वर्षं हे चाललं. त्यांचं घर आज संग्रहालय आहे, आणि ते ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव आहे पॅरिस कम्यून रस्ता. सोव्हिएतांनी मोहल्ल्याला नावं कशी दिली याचा हा नमुना.

पुढची पिढी आलिमजान बारूदी यांची. १८८२ मध्ये त्यांनी मुहम्मदिया मदरसा काढला आणि तिथं दीनबरोबर गणित, भूगोल, रशियन शिकवायला सुरुवात केली. नाटककार गालिअसगर कमाल आणि लेखक फातिह अमीरखान हे याच मदरशाचे विद्यार्थी. मदरशातून नाटककार बाहेर पडतो, हे आज आपल्याकडे सांगितलं तर लोक थट्टा समजतील. १९०६ च्या डिसेंबरात काझानला तातार नाटकाचा पहिला जाहीर प्रयोग झाला. पुढच्याच वर्षी गब्दुल्ला तुकाय हा तरुण कवी शहरात राहायला आला. १९०८ मध्ये त्यानं पेचेन बाझारीवर एक लांबलचक विडंबनकाव्य लिहून शेठ, मुल्ला आणि मुरीद सगळ्यांची धुलाई केली, आणि १९१३ मध्ये क्षयानं, सत्तावीस वर्षांचाही न होता गेला. त्याचं संग्रहालय मोहल्ल्यातल्या ‘शामिल यांच्या घरात’ आहे. अपाकोव्ह या व्यापाऱ्याच्या मुलीचं ते घर. तिचा नवरा म्हणजे दागिस्तानात झारच्या फौजेशी पंचवीस वर्षं लढलेल्या इमाम शामिलचा मुलगा, आणि तो होता झारच्या फौजेतला निवृत्त जनरल. इतिहास असा वळणं घेतो.

अपानाएव मशिदीला जोडून एक मदरसा होता. त्याला लोक ‘तळ्याकाठचा मदरसा’ म्हणत. तिथं काही काळ शिकलेले मूसा जारुल्लाह बिगियेव हे या परंपरेतलं आपल्याला सर्वांत जवळचं नाव. उत्तरेकडच्या लांब दिवसांत रोजा कसा ठेवायचा यावर त्यांनी १९११ मध्ये पुस्तक लिहिलं, म्हणजे पुन्हा तोच न मावळणारा उजेड. १९३० मध्ये सोव्हिएत देश सोडून ते पळाले. मक्केत उबैदुल्लाह सिंधी यांनी सांगितलेली कुरआनची तफसीर त्यांनी लिहून घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी त्यांना पेशावरला अडकवून ठेवलं आणि भोपाळच्या नवाबांनी मध्यस्थी केल्यावर ते भोपाळला राहिले. १९४९ मध्ये कैरोत त्यांचं निधन झालं.

१९१७ च्या एप्रिलमध्ये, झार गेल्यावर दोन महिन्यांच्या आतच, काझानला रशियाभरच्या मुस्लीम स्त्रियांची परिषद भरली. मतदानाचा हक्क आणि पुरुषांच्या बरोबरीचे राजकीय हक्क त्यांनी मागितले. मे महिन्यात मॉस्कोच्या परिषदेत बारूदी मुफ्ती म्हणून निवडून आले आणि त्यांच्याबरोबर मुखलिसा बूबी ही बाई काझी म्हणून निवडली गेली. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. १९३७ मध्ये तिला गोळी घालण्यात आली.

१९१८ च्या मार्चमध्ये मोहल्ल्यानं एक अखेरची धडपड केली. तातार नेत्यांना बोल्शेविकांनी पकडलं तेव्हा मुस्लीम सैनिक आणि पुढारी बुलाकच्या पलीकडे एकवटले आणि त्यांनी स्वतःचं राज्य जाहीर केलं. विरोधक थट्टेनं त्याला ‘बुलाकपलीकडचं प्रजासत्ताक’ म्हणू लागले. ते महिनाभर टिकलं. मग लाल सैनिक आले.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे सारखंच आहे. मदरसे बंद. मिनार उतरवले. अपानाएव मशिदीच्या आत मजले घालून तिथं बालवाडी केली. लिपी अरबीची लॅटिन झाली आणि १९३९ मध्ये रशियन झाली, म्हणजे बारा वर्षांत नातवाला आजोबांचं पत्र वाचता येईना. सोव्हिएत काळात दशकानुदशकं काझानमध्ये नमाजासाठी एकच मशीद उघडी होती, मर्जानींची. १९९० नंतर बाकीच्या एकेक परत मिळाल्या, मिनार पुन्हा चढले.

इथं माझी भाची पुन्हा येते. मशिदीत बायकांच्या बाजूला तिला एक म्हातारी भेटली. तिथं आजीला ‘अबी’ म्हणतात. मुलगी हिंदुस्तानची आहे, मुसलमान आहे, डॉक्टर होणार आहे, हे कळल्यावर अबीनं तिला सोडलंच नाही. अबीचा जन्म याच मोहल्ल्यातल्या लाकडी घरातला. सोव्हिएत काळात तिच्या घराचे चार भाग झाले, चार कुटुंबं राहिली, अंगणातली सफरचंदाची झाडं तेवढी सगळ्यांची. १९९५ नंतर सरकारनं जीर्ण घरं हटवण्याचा मोठा कार्यक्रम काढला. त्यात अबीला शहराच्या टोकाला नवा फ्लॅट मिळाला. भाचीनं विचारलं, वाईट वाटलं का? अबी म्हणाली, रडले. आणि मग म्हणाली, त्या घरात नळ नव्हता, संडास अंगणात होता, आणि हिवाळ्यात थंडी शून्याखाली वीस-पंचवीस असायची.

या मोहल्ल्याच्या मशिदी पाडल्या त्यांची नावं इतिहासात आहेत. पण लाकडी घरं मोठ्या संख्येनं गेली ती अशा काळात, जेव्हा कुणी बंदी घातली नव्हती, तातारांचं स्वतःचं सरकार होतं आणि शहराच्या सहस्राब्दीची तयारी चालली होती. २००५ च्या त्या सोहळ्यात किल्ल्यात भव्य नवी कुल शरीफ मशीद उघडली. तिचे फोटो तुम्ही पाहिले असतील, निळ्या घुमटाची. त्याच वर्षांत बुलाकपलीकडे रिकामी केलेली घरं जळत होती, कोसळत होती. शहरातल्या जाणत्या माणसांनी, इतिहासाचे फेरफटके घडवणाऱ्या गाइडांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठं २०१३ च्या विद्यापीठ क्रीडास्पर्धांच्या आधी काही डझन घरं दुरुस्त झाली, रंगवली गेली. आता तिथं चकचक नावाच्या तातारी मिठाईचं संग्रहालय आहे, चहाची दुकानं आहेत, पर्यटक आहेत. स्वयंसेवक उन्हाळ्यात जुनी घरं खरवडून रंगवतात. फक्त अबी तिथं राहत नाही. ती जुम्म्याला बस बदलून येते.

घरं वाचवा म्हणणाऱ्यांची बाजू माझी आहे. पण अबीला तो नळ कुणी त्याच अंगणात आणून दिला असता, तर कदाचित घरही राहिलं असतं आणि अबीही. हे तेव्हा सुचलं नाही, की परवडलं नाही, हे मला इथून सांगता येणार नाही.

इशाचं उत्तर भाचीला अबीनंच दिलं, इमामसाहेबांपर्यंत जायची वेळच आली नाही. तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. मशिदीत मिळतं ते नमाजाचं छापील वेळापत्रक. भाचीनं त्याचा फोटो मला पाठवला. रशियन अक्षरांत आहे, त्यामुळे मला आकडे तेवढे वाचता आले. जून महिना, तीस ओळी. शेवटच्या रकान्यात, इशाच्या, प्रत्येक तारखेपुढे वेळ छापलेली होती.